सहा कॅमेरे, दोन माइक आणि तिसरा पंच: राज्य क्रिकेट संघटनांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि पंच समितीचे सदस्य,
मुंबई क्रिकेट असोसिएशन, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन आणि विदर्भ क्रिकेट असोसिएशन

सप्रेम नमस्कार.

पंचांचे निर्णय यंत्राने तपासावेत का, हा वाद आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये मिटून बराच काळ झाला. नोव्हेंबर १९९२ मध्ये दर्बानच्या कसोटीत सचिन तेंडुलकर मैदानाबाहेर बसून चित्रण पाहणाऱ्या तिसऱ्या पंचाने धावचीत दिलेला पहिला फलंदाज ठरला. २००८ मध्ये भारत-श्रीलंका मालिकेत रिव्ह्यूची, म्हणजे संघाने मागितल्यावर पंचाचा निर्णय तिसऱ्या पंचाने पुन्हा तपासण्याची, चाचणी झाली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ड्युनेडिनच्या न्यूझीलंड-पाकिस्तान कसोटीपासून ही पद्धत अधिकृतपणे सुरू झाली. भारतीय क्रिकेट मंडळाने (बीसीसीआय) बरीच वर्षे विरोध केला, पण २०१६ च्या इंग्लंड मालिकेपासून तोही मावळला. आता प्रश्न उरला आहे तो त्याखालच्या पायरीचा. रणजी आणि राज्य पातळीच्या सामन्यांत रिव्ह्यू आणायचा का, आणि आणायचा तर कोणत्या निर्णयांसाठी, कोणत्या साधनांनी?

आमचे म्हणणे थोडक्यात असे: तो आणावा, आपल्या सगळ्या प्रथमश्रेणी मैदानांवर सारख्याच साधनांनी आणावा, आणि चेंडूचा पुढचा मार्ग रेखाटणारे तंत्र सध्या त्यातून पूर्णपणे वगळावे. धावचीत, यष्टिचीत, पुढच्या पायाचा नोबॉल, बॅटची कड, आणि पायचीतमध्ये चेंडूचा टप्पा व पॅडवर लागण्याची रेषा एवढ्याच गोष्टी तपासाव्यात. एवढ्यासाठी सहा स्थिर कॅमेरे, दोन स्टंप माइक (यष्ट्यांपाशी बसवलेले माइक), एक रेकॉर्डर, एक ऑपरेटर आणि एक प्रशिक्षित तिसरा पंच पुरतो.

आजची स्थिती विषम आहे. सामन्याचे प्रक्षेपण असेल तर तिसऱ्या पंचाला रिप्ले मिळतो. त्याच दिवशी दुसऱ्या गावी, त्याच स्पर्धेत आणि त्याच गुणांसाठी खेळणाऱ्या संघाला तो मिळत नाही. वानखेडेवर एक न्याय आणि सोलापूरच्या पार्क मैदानावर किंवा नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावर दुसरा, असे होता कामा नये. एका हंगामात जेमतेम दहा-बारा डाव मिळणाऱ्या फलंदाजाला एक चुकीचा निर्णय निवडीतून बाहेर काढू शकतो.

चूक केवढी महागात पडते हे बंगळूरुमध्ये जानेवारी २०१९ च्या रणजी उपांत्य सामन्यात दिसले. यष्टिरक्षकाकडे झेल जाऊनही सौराष्ट्राचा चेतेश्वर पुजारा नाबाद ठरला, त्याने दुसऱ्या डावात नाबाद १३१ केल्या आणि कर्नाटक स्पर्धेबाहेर गेले. त्यानंतर २०१९-२० च्या अखेरच्या टप्प्यात मंडळाने हॉक-आय (चेंडूचा मार्ग रेखाटणारी यंत्रणा) आणि अल्ट्राएज (कडेचा आवाज टिपणारी यंत्रणा) वगळून मर्यादित रिव्ह्यू आणला. पण जून २०२२ च्या मुंबई-मध्य प्रदेश अंतिम सामन्यात रिव्ह्यूची सोयच नव्हती आणि गौरव यादवच्या चेंडूवर सरफराज खानविरुद्धचे पायचीतचे जोरदार अपील तिथल्या तिथे विरून गेले. एका वर्षी आहे, एका वर्षी नाही, अशा व्यवस्थेवर ना खेळाडूंचा विश्वास बसतो ना पंचांचा.

तरीही घाईने स्वस्त यंत्रणा बसवणे हा यावरचा इलाज नाही. अपुऱ्या साधनांनी घेतलेला रिव्ह्यू चुकीच्या निर्णयावर पुराव्याचा शिक्का मारतो. म्हणून कोणत्या निर्णयाला किती बारीक साधन लागते, ते आधी मांडतो.

धावचीतपासून सुरुवात करू. क्रीजकडे झेपावणाऱ्या फलंदाजाची बॅट सेकंदाला सुमारे ७ मीटर सरकते. सेकंदाला २५ चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांच्या मधे ती २८ सेंटीमीटर पुढे गेलेली असते. एका चित्रात बॅट रेषेबाहेर आणि बेल्स जागेवर, पुढच्या चित्रात बॅट आत आणि बेल्स हवेत. यातून खरे काय घडले ते कोणताही पंच सांगू शकत नाही, आणि संशयाचा फायदा दिला की गोलंदाजी करणारा संघ चिडतो. ५० चित्रांवर हे अंतर १४ सेंटीमीटर होते आणि २४० चित्रांवर साधारण ३. म्हणून बाजूच्या कॅमेऱ्यांसाठी सेकंदाला २०० चित्रे ही किमान अट ठेवावी. शटरही सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचे हवे. हजाराव्या भागावर ताशी १२० किलोमीटर वेगाचा चेंडू चित्रात सव्वातीन सेंटीमीटर पसरतो, म्हणजे स्वतःच्या जवळपास निम्म्या रुंदीइतका. संध्याकाळी प्रकाश कमी झाला की ऑपरेटरचा हात आपोआप शटर मंद करण्याकडे जातो. तसे होऊ देऊ नये. चित्र थोडे दाणेदार झाले तरी चालेल, पुसट झालेले चालणार नाही.

बाजूचे हे चार कॅमेरे पॉपिंग क्रीजच्या (यष्ट्यांपुढची रेषा, जिच्या आत फलंदाज सुरक्षित असतो) सरळ रेषेत, सीमारेषेबाहेर, दोन्ही टोकांना आणि दोन्ही बाजूंना बसवावेत. एकाच बाजूला ठेवले तर धावणारा फलंदाज, गोलंदाज किंवा खुद्द पंच नेमक्या क्षणी आड येतो. यष्ट्यांच्या रेषेत कॅमेरा लावायची चूक सर्रास होते. यष्ट्या पॉपिंग क्रीजच्या १.२२ मीटर मागे असतात, त्यामुळे अशा कॅमेऱ्यातून क्रीजची रेषा तिरपी दिसते आणि हवेतली बॅट आत असल्याचा भास होतो. चित्राची चौकट मात्र एवढी रुंद ठेवावी की रेषा आणि बेल्स दोन्ही एकाच चित्रात यावेत. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांची चित्रे जुळवून धावचीत देणे म्हणजे दोन घड्याळांवर विसंबणे, आणि ती घड्याळे जुळलेली नसतात.

रेषेच्या रंगाकडेही लक्ष हवे. क्रीज म्हणजे त्या पांढऱ्या पट्ट्याची यष्ट्यांकडची कड. बुटांनी आणि मातीने ही कड दुपारपर्यंत पुसट होते, आणि कॅमेरा कितीही चांगला असला तरी पुसट रेषेवर निर्णय पुसटच राहतो. जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीत माळ्याने रेषा पुन्हा आखली की नाही, हे तिसऱ्या पंचाने स्वतःच्या पडद्यावर पाहून घ्यावे. साध्या लाकडी बेल्स वापरत असल्यामुळे बेलची दोन्ही टोके खाचेतून सुटलेली दिसणारे पहिले चित्र हेच प्रमाण मानावे. एक टोक उचललेले असणे पुरेसे नाही. शिवाय २०१७ च्या नियमबदलानंतर, धावत किंवा झेपावत आलेल्या फलंदाजाची बॅट एकदा रेषेपलीकडे टेकली आणि मग उसळली तर तो सुरक्षित असतो. त्यामुळे बेल्स उडाल्याचे चित्र सापडल्यावर तिथेच न थांबता त्याआधीची दहा-पंधरा चित्रे मागे जाऊन पाहायला हवीत.

हेच चार कॅमेरे पुढच्या पायाचा नोबॉलही पाहू शकतात. आयसीसीने हे काम तिसऱ्या पंचाकडे दिले आहे आणि तो बदल योग्यच होता, कारण गोलंदाजाचा पाय पाहून लगेच २० मीटर पलीकडे नजर नेणे हे मैदानावरच्या पंचाचे सगळ्यात अवघड काम होते. पण एक धोका आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या ॲशेस कसोटीत नोबॉल पाहणारी यंत्रणा बंद पडलेली होती. बेन स्टोक्सचे पुढे पडलेले पाय एकामागून एक सुटत गेले, आणि डेव्हिड वॉर्नरचा त्रिफळा उडाला तेव्हा कुठे तपासणी होऊन तो चेंडू नोबॉल ठरला. काम यंत्राकडे गेले असे मानून मैदानावरच्या नजरा सैल झाल्या होत्या आणि यंत्र तर बंद. आपल्याकडे नियम स्पष्ट लिहिलेला असावा: नोबॉल देण्याची पहिली जबाबदारी मैदानावरच्या पंचाचीच, तिसरा पंच प्रत्येक चेंडूला मागून आधार देईल, आणि बाजूचा कॅमेरा बंद पडला तर पुढचा चेंडू पडायच्या आत वॉकी-टॉकीवर तसे कळवेल.

आता आवाजाकडे येतो. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या मैदानात नाही तर केबलमध्ये आणि खोलीत होतात.

यष्टीमागच्या माइकपासून बॅटची कड साधारण १.२ मीटर पुढे असते. तेवढे अंतर कापायला आवाजाला साडेतीन मिलिसेकंद लागतात. सेकंदाला २४० चित्रांच्या कॅमेऱ्यात हे एका चित्रापेक्षाही कमी आहे, म्हणजे ठीक. पण सीमारेषेवरच्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर भिस्त ठेवली तर ७० मीटरसाठी आवाजाला २०० मिलिसेकंद लागतात. ५० चित्रांच्या हिशेबाने तो दहा चित्रे उशिरा येतो आणि तोवर चेंडू यष्टिरक्षकाकडे पोचण्याच्या बेतात असतो. म्हणून कॅमेऱ्यांचे माइक रिव्ह्यूच्या कामात पूर्ण बंद ठेवावेत. आवाज फक्त स्टंप माइकचा, तोही तारेने आलेला. बिनतारी माइकमध्ये विलंब असतो आणि संचागणिक तो बदलतो.

मग आवाज आणि चित्र जुळले आहेत हे ठरवायचे कसे? रोज खेळ सुरू होण्याआधी, दोन्ही टोकांना, पॉपिंग क्रीजवर उभे राहून एकाने बॅटच्या कडेवर चेंडू आपटावा, दहा वेळा. लाकडाला चेंडू टेकल्याचे चित्र आणि आवाजाच्या आलेखावरचा टोकदार उंचवटा यांत एका चित्रापेक्षा जास्त फरक असेल तर तो दुरुस्त करावा आणि पुन्हा दहा वेळा पाहावे. फरक कमी-जास्त होत राहिला तर दोष केबल किंवा रेकॉर्डरमध्ये आहे. तो सापडेपर्यंत आवाजाचा पुरावा वापरू नये. ही चाचणी जेवणानंतर, चहानंतर आणि एखादी केबल काढून लावली की लगेच पुन्हा करावी. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते टाळले की अख्खा दिवस वाया जातो. मोबाइल फोनवर केलेले चित्रण इथे उपयोगाचे नाही. पुष्कळ फोनमध्ये चित्रांचा वेग प्रकाशानुसार बदलतो आणि आवाज हळूहळू चित्रापासून सरकत जातो.

दुसरी चूक माइक निवडण्याची. डिसेंबर २०२५ च्या ॲडलेड कसोटीत ॲलेक्स कॅरीच्या झेलाच्या वेळी आलेख आणि चित्र जुळले नाहीत. ऑपरेटरकडून चुकीच्या टोकाचा माइक निवडला गेला असावा, हे नंतर यंत्रणा पुरवणाऱ्यांनी मान्य केले. दिवसाला ९० षटके म्हणजे टोक बदलण्याचे ९० प्रसंग, आणि थकलेल्या माणसाकडून त्यात एखादा चुकणारच. उपाय साधा आहे. माइक निवडायची गरजच ठेवू नये. दोन्ही माइक दोन स्वतंत्र वाहिन्यांवर सतत रेकॉर्ड व्हावेत, पडद्यावर दोन्ही आलेख एकाखाली एक दिसावेत, आणि त्यांवर मैदानातल्या टोकांची नावे ठळक लिहिलेली असावीत. फलंदाजाच्या टोकाचा आलेख उंच आणि आधी, दुसऱ्या टोकाचा बुटका आणि किंचित मागे, हे दिसले की जुळणी बरोबर असल्याचीही आपोआप खात्री पटते.

आलेख वाचणे हे शिकण्याचे काम आहे. लाकडाची कड टोकदार, उंच आणि क्षणात संपणारी खूण देते. पॅड किंवा शर्टाला घासलेला चेंडू बुटकी, पसरट. पण बॅट जमिनीवर आपटली, बॅट पॅडला लागली, हँडल करकरले किंवा बुटाचे खिळे घासले, तरी उंचवटा येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्थला के. एल. राहुलला मैदानावर नाबाद दिल्यावर तिसऱ्या पंचाने बाद ठरवले, तेव्हा त्याच सुमारास बॅट पॅडला लागत होती आणि समोरून स्वच्छ दिसणारे चित्र त्याच्याकडे नव्हते. उलट डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला यशस्वी जयस्वालच्या वेळी आलेख सपाट होता, तरी चेंडूची दिशा बदललेली दिसते म्हणून तिसऱ्या पंचाने त्याला बाद दिले. दोन्ही निर्णयांवर आजही लोक भांडतात. ते भांडण आपल्याकडे येऊ नये म्हणून आधीच ठरवावे: उंचवटा असेल आणि त्याच चित्रात चेंडू व बॅट यांत फट दिसत नसेल, तर कड लागली, फट दिसत असेल तर उंचवट्याला किंमत नाही. आवाज नसताना फक्त दिशा बदललेली दिसत असेल, तर ती दोन वेगळ्या कोनांतून दिसायला हवी, कारण बॅटला ओलांडून उशिरा स्विंग झालेला चेंडू एका कोनातून अगदी कड लागल्यासारखा भासतो. यातले काहीच पुरे पडत नसेल, तर मैदानावरचा निर्णय कायम.

पायचीतबद्दल आमचे मत ठाम आहे आणि त्यावर सगळ्यात जास्त आक्षेप येतील, म्हणून सविस्तर लिहितो.

चेंडू पॅडला लागल्यानंतर तो यष्ट्यांवर गेला असता का, हे कोणताही कॅमेरा पाहत नाही. ते गणित असते. टप्पा आणि पॅड यांच्यामध्ये चेंडू दीड मीटर गेला असे धरू. टप्प्यानंतरचा वेग सेकंदाला २९ मीटर घेतला, तर ५० चित्रांच्या कॅमेऱ्याला त्या प्रवासात चेंडूच्या दोन-तीनच जागा मिळतात आणि ३४० चित्रांच्या कॅमेऱ्याला सतरा-अठरा. दोन-तीन बिंदूंवरून दिशा ठरवताना एक अंशाची चूक सहज होते. पॅड यष्ट्यांपासून अडीच मीटर पुढे असेल, तर एका अंशाची चूक यष्ट्यांपाशी ४.४ सेंटीमीटर होते. यष्ट्यांची एकूण रुंदी २२.८६ सेंटीमीटर, चेंडूची ७.२. एवढी चूक बाद आणि नाबाद यांच्यात अदलाबदल करायला पुरेशी आहे. महागड्या यंत्रणेतही हा प्रश्न उरतो, म्हणून तर ‘अंपायर्स कॉल’, म्हणजे यंत्राचा अंदाज काठावरचा असेल तर मैदानावरच्या पंचाचाच निर्णय कायम, ठेवावा लागला. फेब्रुवारी २०११ मध्ये बंगळूरुच्या विश्वचषक सामन्यात युवराजच्या चेंडूवर इयान बेल रिव्ह्यूत यष्ट्यांपुढे सापडलेला दिसत असूनही वाचला, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे पॅड यष्ट्यांपासून अडीच मीटरहून पुढे असेल तर अंदाजाच्या जोरावर पंचाचा नाबादचा निर्णय सरसकट फिरवता येत नव्हता. तो सामना ३३८ धावांवर बरोबरीत सुटला. अंदाज जितका लांबचा तितका कच्चा, ही त्या नियमामागची जाणीव बरोबर होती.

भारतीय मंडळाने त्या काळात चेंडूच्या मार्गाबद्दल घेतलेली शंका योग्य होती. तिच्यासाठी अख्खा रिव्ह्यू नाकारणे मात्र योग्य नव्हते. कड, टप्पा आणि रेषा यांचा पुरावा तेव्हाही मिळत होता.

म्हणून पायचीतच्या रिव्ह्यूत तिसऱ्या पंचाने चारच गोष्टी पाहाव्यात: नोबॉल होता का, आधी बॅटला लागला का, टप्पा लेगस्टंपबाहेर होता का, आणि फलंदाजाने फटका खेळायचा प्रयत्न केला असेल तर चेंडू ऑफस्टंपबाहेर लागला का. यांपैकी एक जरी स्पष्ट दिसले तर बादचा निर्णय फिरेल. नाबादचा निर्णय फिरवायचा असेल तर चारही गोष्टी गोलंदाजाच्या बाजूने स्पष्ट असूनही भागणार नाही, कारण उंची आणि पुढचा मार्ग हा मैदानावरच्या पंचाचाच प्रांत राहतो. अपवाद एकच. पंचाने आपण कड लागली समजून किंवा टप्पा बाहेर समजून नाबाद दिले, असे तिसऱ्या पंचाला त्याच वेळी सांगितले असेल आणि ते कारण चित्रात खोटे ठरले, तर त्याने यष्ट्यांबद्दलचे आपले मूळ मत सांगावे आणि तेच लागू व्हावे. त्यासाठी नाबादचे कारण लगेच, रिव्ह्यू मागितला जायच्या आत, वॉकी-टॉकीवर एका शब्दात नोंदवण्याची सवय लावावी: ‘कड’, ‘टप्पा’, ‘रेषा’ किंवा ‘उंची’.

टप्पा आणि रेषा पाहणारे दोन कॅमेरे गोलंदाजाच्या डोक्यावरून, साइट स्क्रीनच्या वर, बरोबर मधल्या यष्टीच्या रेषेत हवेत. इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक मैदानावर होते. कॅमेऱ्याचा खांब कायमचा मधल्या खेळपट्टीमागे रोवलेला असतो आणि सामना शेजारच्या खेळपट्टीवर खेळवला जातो. कॅमेरा फलंदाजापासून ८० मीटरवर आणि १० मीटर उंचीवर असेल, तर जमिनीवरचा टप्पा आखलेल्या पट्ट्याशी ताडून बरोबर सांगता येतो. पण ५० सेंटीमीटर उंचीवर पॅडला लागलेला चेंडू त्या कॅमेऱ्याला सुमारे चार मीटर मागच्या जमिनीवर दिसतो. कॅमेरा मधल्या रेषेपासून एक मीटर बाजूला असेल, तर तेवढ्यात ५ सेंटीमीटरचा फरक पडतो. शेजारची खेळपट्टी म्हणजे किमान तीन मीटर. फरक १५ सेंटीमीटरच्या वर जातो, म्हणजे यष्ट्यांच्या रुंदीच्या जवळपास दोन-तृतीयांश. अशा चित्रावर यष्टी ते यष्टी पट्टा रेखाटून कितीही आत्मविश्वासाने निर्णय दिला, तरी तो चुकीचाच. खांबाऐवजी आडव्या रुळावर कॅमेरा बसवावा, ज्यामुळे तो कोणत्याही खेळपट्टीमागे सरकवता येईल. नाणेफेकीआधी तिसऱ्या पंचाने पडद्यावर दोन्ही टोकांच्या मधल्या यष्ट्या एकावर एक आलेल्या पाहाव्यात. आल्या नाहीत, तर त्या टोकाची रेषेची तपासणी त्या दिवशी बंद.

जमिनीलगतच्या झेलांबद्दल फार लिहीत नाही. लांबच्या भिंगातून चित्र चपटे होते, गवताची पाती बोटांपुढे येतात आणि स्वच्छ झेलही टेकल्यासारखा दिसतो. जून २०२३ पासून आयसीसीने ‘सॉफ्ट सिग्नल’ (तिसऱ्या पंचाकडे जाण्याआधी मैदानावरच्या पंचाने सांगायचे आपले मत) काढून टाकला, पण तिथे तीसहून जास्त कॅमेरे असू शकतात. आपल्या सहा कॅमेऱ्यांत हा निर्णय मैदानावरच्या दोन पंचांनी एकमेकांशी बोलून घ्यावा आणि तोच अंतिम असावा.

खोलीची मांडणीही महत्त्वाची आहे. आयपीएलने २०२४ मध्ये तिसऱ्या पंचाला हॉक-आयच्या ऑपरेटरांबरोबर एकाच खोलीत बसवले आणि मधला प्रक्षेपण दिग्दर्शक काढून टाकला. त्याचा फायदा उघड आहे. कोणते चित्र पाहायचे ते पंच ठरवतो, निवडून दिलेले चित्र त्याच्या माथी येत नाही. आपल्या लहान यंत्रणेत हे पहिल्या दिवसापासून करता येईल. सहाही कॅमेऱ्यांची चित्रे एकाच वेळेच्या नोंदीवर एकत्र रेकॉर्ड व्हावीत आणि एक चित्र पुढे सरकवले की सगळी बरोबर सरकावीत. विजेसाठी यंत्रणेला स्वतंत्र यूपीएस द्यावा; मैदानाच्या जनरेटरवर अवलंबून राहिले की तो सुरू व्हायच्या मिनिटभरात रेकॉर्डर बंद पडतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी भिंगावर दव धरते, ते पुसायला प्रत्येक कॅमेऱ्याजवळ माणूस लागतोच. त्याचेही मानधन अंदाजपत्रकात धरावे.

प्रत्येक डावात संघाला दोन रिव्ह्यू द्यावेत, मागायला १५ सेकंद. अंदाजाचा मार्ग नसल्यामुळे ‘अंपायर्स कॉल’ उद्भवणार नाही. त्याऐवजी चित्र किंवा आवाज अपुरा असल्यामुळे निर्णय कायम राहिला, तर संघाचा रिव्ह्यू परत मिळावा. यंत्राच्या मर्यादेची किंमत संघाने का मोजावी? धावचीत, यष्टिचीत आणि नोबॉल यांसाठी रिव्ह्यू खर्च होऊ नये. एका टोकाचा माइक बंद पडला तर आवाजाची तपासणी दोन्ही टोकांना थांबवावी आणि ते दोन्ही कर्णधारांना तोंडी नव्हे, लेखी कळवावे. दुरुस्ती झाल्यावर षटक संपल्यावरच ती पुन्हा सुरू व्हावी.

पंचांच्या मनात एक भीती आहे आणि ती खोटी नाही. दर सामन्यानंतर फिरलेल्या निर्णयांचा आकडा काढायचा आणि त्यावर पुढची नेमणूक ठरवायची, असे झाले तर पंच कठीण निर्णय द्यायचेच टाळतील. पायचीतच्या अपिलावर बोट वर जाणार नाही, कारण नाबादचा निर्णय क्वचितच फिरतो. फिरकी गोलंदाजांना याचा सगळ्यात मोठा फटका बसेल. म्हणून रेकॉर्डिंगचा पहिला उपयोग प्रशिक्षणासाठी व्हावा. त्याच संध्याकाळी पंचाला त्याच्या सगळ्या निर्णयांची चित्रे मिळावीत, रिव्ह्यू न झालेल्यांचीसुद्धा. निर्णय फिरला एवढ्यावर गुण कापू नयेत. पंच कुठे उभा होता, अपिलानंतर किती थांबला, नाबादचे कोणते कारण नोंदवले, हे पाहून मार्गदर्शन करावे. दोन-तीन हंगामांत पॅनेलमधला प्रत्येक पंच स्वतःच्या शेकडो निर्णयांकडे मागे वळून पाहू शकेल. ही संधी आधीच्या कोणत्याही पिढीला मिळाली नव्हती.

ही यंत्रणा सगळीकडे न्यावी असे आम्ही म्हणत नाही. पावसाळ्यातली कांगा लीग, किंवा आझाद मैदानावर एकमेकांना चिकटलेल्या खेळपट्ट्यांवरचे सामने, जिथे शेजारच्या सामन्याचा पॉइंट आपल्या मिडविकेटपाशी उभा असतो, तिथे क्रीजच्या रेषेत कॅमेरा लावायला जागाच नाही. तिथे पंचाचा शब्द अंतिम राहावा आणि त्याला चांगले मानधन मिळावे, एवढेच पुरे.

रणजीच्या खेळाचे नियम मंडळ ठरवते, हे आम्हाला माहीत आहे. पण मैदाने आपली आहेत आणि आपापल्या निमंत्रितांच्या स्पर्धांचे नियमही आपले आहेत. म्हणून मागणी अशी. वानखेडे, गहुंजे आणि जामठा या तीन मैदानांवर येत्या हंगामाआधी ही सहा कॅमेऱ्यांची मांडणी कायमस्वरूपी बसवावी. आपापल्या वरिष्ठ स्पर्धांच्या उपांत्य आणि अंतिम सामन्यांत ती वापरावी. पहिल्या चार सामन्यांत तिसऱ्या पंचाने सगळे तपासावे पण निर्णय फिरवू नये. फक्त नोंद ठेवावी की चित्र किती वेळा पुरेसे होते, किती वेळा नव्हते आणि का. ती नोंद तिन्ही संघटनांनी एकत्र प्रसिद्ध करावी, मग नियम लागू करावा. त्यानंतर तोच अहवाल घेऊन नाशिक, सोलापूर आणि नागपूरच्या सिव्हिल लाइन्स मैदानासाठी मंडळाकडे निधी मागावा.

पॉपिंग क्रीजच्या रेषेतल्या कॅमेऱ्यांच्या जागा ठरवायला प्रत्येक मैदानावर एक दिवस पुरतो. माप घेण्यासाठी, बॅट-चेंडूची चाचणी करून दाखवण्यासाठी आणि ऑपरेटर व तिसऱ्या पंचांना पहिले प्रशिक्षण देण्यासाठी आम्ही मानधन न घेता यायला तयार आहोत. पावसाळा संपण्याआधी बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपले,
राज्य पातळीवर पंचगिरी, गुणलेखन आणि सामन्यांचे व्हिडिओ विश्लेषण करणारे